गावाची खानेसुमारी आणि आपली माणसे

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध, महात्मा जोतीराव फुले आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस प्रथम विनम्र अभिवादन करतो.

मंडळाने आम्हाला ‘आपले गाव’ या विषयावर बोलायला सांगितले. आम्ही काही प्राध्यापक नाही. गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो, साचेखात्यात उमेदीची वर्षे काढली, आणि जे काही वाचन झाले ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून. तेव्हा पांडित्याची अपेक्षा करू नका. पण गिरणीने आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, तो दिवसभर यंत्रापाशी उभा राहिला तरी त्याचा खाडाच लागतो. देशाचाही असा एक हजेरीपट असतो. त्याला जनगणना म्हणतात. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी खानेसुमारी म्हणत, शिरगणती म्हणत. आज आपल्या गावाचा हा हजेरीपट आपण वाचायचा आहे.

जनगणना झाली की सरकार प्रत्येक जिल्ह्याची एक पुस्तिका काढते. तिच्यात तालुक्यातल्या प्रत्येक महसुली गावाला एक ओळ मिळते. पिढ्यान् पिढ्या नांदलेले गाव, त्यातली सगळी सुखदुःखे, भांडणे, लग्ने, मयती, हे सगळे एका ओळीत. त्या ओळीत काय असते? घरे किती, माणसे किती, त्यात पुरुष किती, स्त्रिया किती, शून्य ते सहा वयाची मुले-मुली किती, अनुसूचित जातीचे किती, अनुसूचित जमातीचे किती, साक्षर किती आणि काम करणारे किती. काम करणाऱ्यांतही चार भाग पाडलेले असतात: स्वतः शेती कसणारे, दुसऱ्याच्या शेतावर राबणारे शेतमजूर, घरगुती उद्योग करणारे आणि इतर. ज्यांना वर्षात सहा महिनेही काम मिळाले नाही ते वेगळे.

महाराष्ट्रात २०११ साली अशी सुमारे ४३ हजार ६०० महसुली गावे होती. त्यातली अडीच हजारांहून जास्त गावे कागदावरच होती, तिथे माणूस राहत नव्हता. अशा गावाला जुने लोक बेचिराग म्हणत, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे गाव. राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाखांच्या जवळपास भरली, आणि तिच्यातले शंभरातले ५५ लोक खेड्यात राहणारे होते. म्हणजे मुंबई-पुणे कितीही वाढले तरी महाराष्ट्र अजून गावातच आहे.

आता त्या ओळीत काय नसते ते बघा. जमीन कोणाची, ते नसते. पाणी कोण कुठे भरतो, ते नसते. स्मशानाची वाट कोणाच्या बांधावरून जाते, ते नसते. आणि एक फार महत्त्वाची गोष्ट नसते. गावात बौद्ध किती, ते त्या ओळीत नसते. धर्माचे आकडे सरकार तालुक्यापर्यंत आणि शहरापर्यंत छापते, गावाच्या ओळीपर्यंत येत नाही. गावाच्या ओळीत आपल्यासाठी एकच रकाना आहे, तो म्हणजे अनुसूचित जाती. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे आम्ही हिच्याकडे पुन्हा येणार आहोत.

मंडळी, गावाची रचना कशी झाली हे समजल्याशिवाय हे आकडे समजत नाहीत. त्रिंबक नारायण आत्रे नावाच्या गृहस्थांनी १९१५ साली ‘गावगाडा’ नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ते महसूल खात्यात नोकरी केलेले, म्हणून त्यांनी गाव चावडीवरून पाहिले. आपल्याला ते वेशीबाहेरून पाहायचे आहे. पाटील गावचा प्रमुख, कुलकर्णी हिशेब ठेवणार, कुणबी जमीन कसणार, आणि सगळ्यांची कामे करायला बारा बलुतेदार: सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, कोळी, मुलाणी, मांग आणि महार. गावागणिक यादीत थोडा फरक असे, पण महार नाही असे गाव सापडत नसे. ‘गाव तिथे महारवाडा’ ही म्हण लोकांनी आपल्याला हिणवण्यासाठी वापरली. पण तिचा खरा अर्थ काय? महारवाड्याशिवाय गाव चालत नव्हते, हीच ती कबुली आहे.

कामे तरी किती! वेशीवर राखण करायची, शिवेचा वाद निघाला की साक्ष द्यायची, सरकारी वसूल ठाण्यावर पोचवायचा, चावडीवर बोलावणी करायची, मयतीचा सांगावा ऊनपावसात गावोगाव न्यायचा, मेलेले ढोर ओढायचे. आणि मोबदला? खळ्यावरचे बलुते, दारोदारची भाकर आणि हाडकी-हाडोळ्याची वतनी जमीन. शिवेची साक्ष ज्याच्या शब्दावर ठरायची, त्याची सावली मात्र चालायची नाही. बलुतेदार सगळेच, पण सुतार-लोहाराचे घर वेशीच्या आत आणि आपले बाहेर. बऱ्याच गावांत आपली वस्ती पूर्वेला असते, कारण वारा पश्चिमेकडून येतो आणि आपल्या अंगावरचा वारासुद्धा गावावर जाऊ नये, असे जुनी माणसे सांगत.

बाबासाहेबांनी या वतनाचे खरे रूप ओळखले. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायदा दुरुस्त करण्याचे विधेयक आणले. वतन ही मालकी नसून वेठ आहे, हे त्यांनी आपल्याच लोकांना पटवून दिले. वतने कायद्याने गेली ती पुढे १९५८ च्या कायद्याने. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले. खेडे ही अज्ञानाची आणि संकुचितपणाची जागा आहे, असे सांगून घटनेने गावाला नव्हे, तर एकेका माणसाला घटक मानले याचा त्यांनी आनंद व्यक्त केला. जनगणनाही तेच करते, मंडळी. ती पाटलाचे डोके एक मोजते आणि वेशीबाहेरच्या म्हातारीचे डोकेही एकच मोजते.

आपल्या वस्तीतली बरीच कुटुंबे कोकणातली. तिथल्या गावाचा घाट देशावरच्या गावासारखा नाही. कोकणात गाव म्हणजे वाड्यांची माळ. मराठवाडी, कुणबीवाडी, गुरववाडी, सुतारवाडी, तेलीवाडी, चर्मकारवाडी, समुद्राकाठी भंडारवाडा आणि कोळीवाडा, कुठे मुसलमान बांधवांचा मोहल्ला, आणि बहुधा एका टोकाला, ओहोळापलीकडे किंवा डोंगराच्या उतारावर, आपली बौद्धवाडी. जमीन होती खोताची. कुणबीही कूळ, आपणही कूळ. म्हणून बाबासाहेबांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि जानेवारी १९३८ मध्ये कुणबी आणि महार शेतकऱ्यांचा एकत्र मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. खोती कायद्याने गेली १९४९ च्या कायद्याने. वाडी वेगळी असली तरी पोट एकच आहे, हे त्या मोर्चाने दाखवले. आजच्या तरुणांनी हे विसरू नये.

गाव सोडून आपली माणसे मुंबईला आली. वाटले, जात गावाकडे राहिली. पण गावची रचना बोटीतून आणि आगगाडीतून इथेही आली. आमच्या गिरणीधंद्यातलेच उदाहरण देतो. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ होतो. आपल्या लोकांना कमी पगाराच्या सूतखात्यात ठेवले. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. पुढे त्याच साचेखात्यात आमच्यासारख्यांनी काम केले, हे कोणाच्या मेहेरबानीने नाही, चळवळीमुळे.

माणसे मुंबईला आली याची खूणही त्या हजेरीपटावर उमटलेली आहे. २०११ साली महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. तिथे बायका जास्त जन्मतात असे नाही. पुरुष मुंबईत, खानावळीत जेवतोय, आणि बाई गावाला भात लावतेय, सासू-सासऱ्यांचे दुखणे काढतेय, लाकूडफाटा आणतेय. हा ११२२ चा आकडा म्हणजे आपल्या आयाबहिणींच्या कष्टांचा आकडा आहे. आणि २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सगळा देश वाढत असताना हा जिल्हा घटला. शेजारचा सिंधुदुर्गही घटला.

दुसरा आकडा ऐका आणि मान खाली घाला. बीड जिल्ह्यात २०११ साली शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली उरल्या होत्या. रत्नागिरीत स्त्रिया जास्त दिसतात कारण पुरुष बाहेरगावी गेले. बीडमध्ये मुली कमी दिसतात कारण त्यांना जन्मूच दिले नाही. म्हणून आकडा नुसता वाचून चालत नाही, त्याच्या मागे काय घडले ते विचारावे लागते. बौद्धांमध्ये २०११ साली देशात हजार पुरुषांमागे ९६५ स्त्रिया होत्या, देशाची सरासरी ९४३ होती. साक्षरता आपल्यात ८१ टक्के, देशात ७३ टक्के. अभिमान जरूर बाळगा, पण तो टिकवायचा असेल तर सोनोग्राफीच्या दारात उभे राहू नका.

आता मोजणीच्या इतिहासाकडे येऊ. इंग्रजांनी १८७२ च्या सुमारास पहिली खानेसुमारी केली आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी एकाच वेळी साऱ्या देशाची होऊ लागली. १९३१ पर्यंत सगळ्या जातींची संख्या छापली जात होती. त्यानंतर बंद झाली. स्वातंत्र्यानंतर फक्त अनुसूचित जाती-जमाती मोजल्या गेल्या.

आपला आकडा कमी दाखवण्याची खटपट फार जुनी आहे. १९३२ साली मताधिकाराचा विचार करायला लोथियन समिती आली. बाबासाहेब तिचे सभासद होते. तोवर अस्पृश्य किती यावरून कोणाचे पोट दुखत नव्हते. पण आकड्यावर जागा मिळणार म्हटल्यावर सवर्ण साक्षीदार पुढे येऊन सांगू लागले की आमच्या प्रांतात अस्पृश्य नाहीतच. जनगणनेप्रमाणे संयुक्त प्रांतात सव्वा कोटीच्या घरात अस्पृश्य होते. तिथल्या प्रांतिक समितीने ती संख्या काही लाखांवर आणली. पाणवठ्यावर अस्पृश्य दिसत होता, देवळाच्या पायरीवर दिसत होता, कागदावर मात्र तो एका रात्रीत नाहीसा झाला! बाबासाहेबांनी हा डाव तिथल्या तिथे उघडा पाडला.

यानंतर १४ ऑक्टोबर १९५६ उजाडला. नागपूरची धम्मक्रांती झाली. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध होते अवघे अडीच हजार. १९६१ च्या जनगणनेत ते झाले २७ लाख ८९ हजार! दहा वर्षांत अडीच हजारांचे पावणेअठ्ठावीस लाख. जगाच्या इतिहासात असे उदाहरण विरळा. गावोगावी आपल्या लोकांनी ढोर ओढायचे सोडले, भाकर मागायचे सोडले, बहिष्कार सोसले, आणि प्रगणक दारात आला तेव्हा छाती काढून सांगितले, आम्ही बौद्ध.

पण याची किंमतही मोजावी लागली. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातीत धरला जात नव्हता. महाराष्ट्र सरकारने १९६० साली नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या सवलती नाहीत आणि जनगणनेच्या त्या रकान्यात जागाही नाही. परिणाम बघा. राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण १९६१ साली ५.६ टक्के, १९७१ साली ६ टक्के, १९८१ साली ७.१ टक्के. आणि १९९१ साली एकदम ११.१ टक्के! संख्या ४४ लाख ८० हजारांवरून ८७ लाख ५८ हजारांवर गेली. दहा वर्षांत दुप्पट पोरे झाली काय? नाही. १९९० साली घटनेखालचा आदेश दुरुस्त झाला आणि बौद्धांनाही अनुसूचित जातीचा हक्क मिळाला. जी माणसे तीस वर्षे गावात राबत होती आणि रकान्यात दिसत नव्हती, ती दिसू लागली, एवढेच.

मग आता सगळे ठीक झाले का? नाही झाले. २०११ साली महाराष्ट्रात बौद्ध भरले ६५ लाख ३१ हजार. त्यातले अनुसूचित जातीच्या रकान्यात गेले सुमारे ५२ लाख. म्हणजे सुमारे १३ लाख बौद्ध या रकान्याबाहेर राहिले. त्यात काही मूळचे दुसऱ्या समाजातले असतील, पण बहुसंख्य आपलेच असणार, असे आमचे मत आहे. आम्ही मघाशी जे ध्यानात ठेवायला सांगितले ते आठवा. गावाच्या ओळीत बौद्ध हा रकानाच नाही. तेव्हा जो बौद्ध अनुसूचित जातीच्या रकान्यात आला नाही, तो गावाच्या एकूण बेरजेत आहे, पण आपली वस्ती म्हणून कुठेच नाही.

गळती दुसऱ्या बाजूनेही आहे. त्याच जनगणनेत महार म्हणून नोंदल्या गेलेल्यांपैकी ३० लाखांच्या आसपास लोकांचा धर्म हिंदू असा लिहिलेला आहे. त्यातल्या काहींनी स्वतःच तसे सांगितले असेल, तो त्यांचा अधिकार. पण धर्म न विचारताच लिहून टाकला, ही तक्रार आपल्या लोकांत जुनी आहे. घरात बुद्धमूर्ती, दारावर पंचशील ध्वज आणि कागदावर भलतेच. असे का होते? आपण कागद वाचत नाही म्हणून.

काही जण म्हणतील, आकड्यात काय ठेवलेय एवढे? तर हिशेब सांगतो. १९९३ पासून लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा दिल्या. समजा, गावची लोकसंख्या १४००. अशा गावाला सात सदस्य. त्यात आपली माणसे १४०. म्हणजे दहावा हिस्सा. सातचा दहावा हिस्सा ०.७, तो एकाच्या जवळ, म्हणजे एक जागा. आता त्या १४० पैकी ६० जणांच्या पुढे जातीचा रकाना कोरा राहिला. उरले ८०. हिशेब आला ०.४. तो शून्याच्या जवळ. गेली जागा! साठ माणसांच्या कोऱ्या रकान्याने त्या गावच्या पंचायतीत आपला आवाज गेला. तीच गत वस्ती सुधारण्याच्या पैशाची. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या वस्त्यांचा विकास करण्याची जी योजना आहे, तिचा निधी वस्तीच्या लोकसंख्येवर ठरतो. रस्ता, गटार, दिवा, समाजमंदिर, सगळे त्या आकड्याला बांधलेले.

आणि हा हजेरीपट किती वर्षे वापरावा लागतो तेही पाहा. २०२१ साली व्हायची जनगणना झालीच नाही. म्हणून २०११ चे आकडेच पुढे दहा वर्षांहून जास्त काळ चालवावे लागले. २०११ साली जन्मलेले पोर मिसरूड फुटण्याच्या वयाला आले तरी गावाच्या हिशेबात ते तान्हेच! आता सरकारने १ मार्च २०२७ हा नव्या जनगणनेचा दिवस ठरवला आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी या जनगणनेत सर्व जातींची मोजणी करण्याचा निर्णय जाहीर केला. १९३१ नंतर प्रथमच असे होणार. २०११ साली एक सामाजिक-आर्थिक व जात सर्वेक्षण झाले होते, पण त्यातल्या जातींचे आकडे जाहीर झाले नाहीत. म्हणून यावेळी जागे राहिले पाहिजे.

इथे आमचे तरुण कार्यकर्ते एक प्रश्न विचारतात. तो रास्त आहे, त्याला टाळून पुढे जाणे बरे नाही. ते म्हणतात, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, जात टाकली, मग पुन्हा त्या तोंडाने जात का सांगायची? बाबासाहेबांनी ज्या घाणीतून बाहेर काढले तिचे नाव पुन्हा का घ्यायचे?

आमचे उत्तर असे. जात आपण टाकली हे खरे. पण गावाने टाकली का? डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातीवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा जाऊन भीमनगर, समतानगर, क्रांतीनगर अशी नावे द्यायची ठरली. चांगलेच झाले. पण पाटी बदलली म्हणून वस्ती वेशीच्या आत आली का? जोवर वस्ती बाहेर आहे, जोवर सातबाऱ्यावर आपल्या लोकांची नावे शोधावी लागतात, तोवर बाहेर ठेवलेल्यांची मोजदाद झाली पाहिजे. अनुसूचित जात हा आपला धर्म नव्हे आणि अभिमानही नव्हे. तो एका अन्यायाचा सरकारी पुरावा आहे. आपल्या मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरची जात आपण दाखवतोच ना? मग मोजणीच्या वेळीच गप्प का? धर्म आपण मनाने स्वीकारला, तो अभिमानाने सांगा. जात आपल्यावर लादली गेली, ती पुराव्यापुरती नोंदवा. दोन्ही रकान्यांचे काम वेगळे आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे, पण त्यांनी १९६१ ते १९८१ चे आकडे डोळ्यांसमोर ठेवून विचार करावा, एवढी विनंती.

आता करायचे काय? नुसती भाषणे ठोकून उपयोग नाही. आम्ही पाच कामे सुचवतो.

पहिले काम. धर्म विचारला की ‘बौद्ध’ सांगा. अनुसूचित जातीचे का, असे विचारले की ‘होय’ सांगा आणि जातीचे नाव राज्याच्या यादीत आहे तेच सांगा. नुसते ‘नवबौद्ध’, ‘दलित’, ‘मागासवर्गीय’ सांगू नका, ही नावे त्या यादीत नाहीत. मातंग, चर्मकार समाजातून जे बांधव धम्मात आले त्यांनी आपापल्या जातीचे नाव सांगावे. कायद्याने अनुसूचित जात फक्त हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच लागू आहे, हेही ठाऊक असू द्या.

दुसरे काम. लिहिलेले वाचून बघा. प्रगणकाशी हुज्जत नको. तो बहुधा शाळेचा मास्तर नाहीतर बाई, उन्हातान्हात फिरणारा कामकरीच. त्याला पाणी द्या, बसवा, आणि नम्रपणे सांगा, काय लिहिले ते एकदा वाचून दाखवा. १९४८ च्या जनगणना कायद्याने तुमची माहिती गुप्त राहते, तेव्हा भिण्याचे कारण नाही.

तिसरे काम. जो इथे राहतो त्याची मोजणी इथेच. गावचा आकडा वाढावा म्हणून मोजणीपुरते गावी पळू नका आणि दोन्हीकडे नाव देऊ नका. ते कायद्याने चूक आणि पंचशीलातल्या चौथ्या शीलाचाही भंग. मात्र गावी जे खरोखर राहतात त्यातले एकही डोके सुटू देऊ नका. एकटी राहणारी म्हातारी, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेले कुटुंब, माहेरी परत आलेली लेक, ही माणसे हमखास सुटतात. ऊसतोडीला गेलेल्यांनी जिथे मुक्काम असेल तिथे नाव नोंदवून घ्यावे.

चौथे काम. प्रत्येक गावच्या मुंबई मंडळाने एक वही घालावी. आपल्या वाडीत घरे किती, उघडी किती, बंद किती, राहणारी माणसे किती, शिकलेली किती, जमीन कोणाच्या नावावर, जुन्या वतनी जमिनीचे कागद कोणाकडे. सरकारची ओळ आली की आपली वही तिच्या शेजारी ठेवा. फरक दिसला की तहसीलदाराकडे अर्ज करता येईल. वही नसेल तर कशाच्या जोरावर बोलणार?

पाचवे काम माता-भगिनींसाठी. मोजणीला कोणी आले की घरातला पुरुष पुढे होतो, आणि बाई दिवसभर शेतात राबलेली असली तरी तिच्यापुढे लिहिले जाते, ‘काम करत नाही’. ज्या बाईने रत्नागिरीची शेती इतकी वर्षे धरून ठेवली तिला बिनकामाची लिहायची? गावी असलेल्या आपल्या आया-बहिणींना, जावा-नणंदांना सांगा, आपले उत्तर आपण द्या.

मंडळी, या विहाराच्या उभारणीत गिरणी कामगारांनी पगारातून वर्गणी काढली, बायांनी पाट्या उचलल्या. ज्याने वर्गणी दिली त्याचे नाव पावतीपुस्तकात आहे, मग ती कितीही छोटी का असेना. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांनीही जन्मभर त्या गावाला आपली वर्गणी दिली आहे, घामाची. तिची पावती कोणी फाडली नाही. निदान त्यांचे डोके तरी योग्य रकान्यात मोजले जावे, एवढे आपल्या हातात आहे. येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आंबे-फणस आणालच, पण येताना ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या गावाची २०११ ची ती एक ओळ उतरवून आणा. पुढच्या पौर्णिमेला विहारात बसून आपण सगळ्या गावांच्या ओळी एकत्र वाचू.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम, नमो बुद्धाय!